अकराच्या आत खाली

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकमध्ये आमच्या शेजारी साठीतलं एक डच जोडपं राहायचं. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला सायकल शेजारीणबाईंनीच शिकवली. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मला आणि नवऱ्याला हॉलमधल्या कृत्रिम बर्फावर स्की शिकवलं. मग एका एप्रिलमध्ये चौघं ऑस्ट्रियाला गेलो, स्की-लिफ्ट नसलेल्या, पायी चढून जायच्या डोंगरांत.

शेजारीणबाई गुडघ्यामुळे लॉजवरच थांबल्या. निघताना काकांनी बजावलं, "आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे रात्री बर्फ दगडासारखा गोठलाय. उन्हानं वरचा बोटभर थर मऊ झाला की उतरायचं. उशीर केला तर अख्ख्या उतारावरचा बर्फ ओला होऊन सुटतो आणि खाली कोसळतो. अकराच्या आत खाली."

दहाला आम्ही माथ्यावर होतो. मी दमले होते, पण कुठेही मागे राहिले नव्हते. नवऱ्याला मात्र पलीकडच्या सुळक्यावर फोटो काढायचे होते. काकांनी दोनदा हाक मारली. "दहाच मिनिटं!" तो ओरडला. परत आला तेव्हा पावणेबारा झाले होते.

पाय बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत होते. "मी आधी जातो, मी थांबल्यावरच तुम्ही या," असं म्हणून काका निघाले. त्यांनी तीन वळणं घेतली आणि चौथ्या वळणाला सगळा उतार त्यांच्यासकट खाली गेला. आवाज फार झाला नाही.

बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र तिघांच्याही गळ्यात होतं, त्याच्या सिग्नलवरून आम्ही जागा शोधली. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो, फावडं आपटून परत येत होतं. आधी त्यांचा हातमोजा लागला, चेहऱ्यापर्यंत पोचायला फार वेळ गेला. तोवर ते गेले होते.

लॉजवर मी ब्लँकेट गुंडाळून बसले होते. समोर नवरा शेजारीणबाईंचा हात धरून हलक्या आवाजात सांगत होता, "हिला चढ झेपेना. सारखं थांबावं लागलं, म्हणून उशीर झाला."

मी सगळं ऐकलं.

अंत्यविधी झाल्यावर आठवड्याभरानं मी शेजारीणबाईंची बेल वाजवली. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच उभी राहून मी घडलं तसं सांगितलं: सुळका, फोटो, काकांच्या हाका.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तू असंच म्हणशील, हे तो मला आधीच बोलला होता."

आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन मी नवऱ्याला विचारलं, "का केलंस असं?"

तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "तुझ्यावर कोणी फार रागावणार नाही गं. तू नवखी होतीस. मला कोणी माफ केलं नसतं."

उन्हाळ्यात शेजारीणबाई घर विकून बहिणीकडे राहायला गेल्या. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा नवरा मदतीला गेला, आणि निघताना त्यांनी त्याला जवळ घेतलं. मी खिडकीत उभी होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.