लोक कुठं उभे राहतात?

मोठाले नकाशे छापणारा प्लॉटर एका लयीत खर्र-खर्र करतोय आणि प्रणोतीचे डोळे मिटायला लागलेत. भर दुपार आहे, पण बापूंचं प्रिंटिंगचं दुकान कॉम्प्लेक्सच्या तळघरात, त्यामुळं उन्हाचा पत्ता नाही. नुसता शाईचा आणि गरम कागदाचा वास. भिंतीकडेच्या बाकड्यावर बसून ती आपल्या शीट्स निघायची वाट बघतेय. उद्या तिची ज्यूरी आहे. आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाची पोरं देवाला भीत नाहीत, पण बाहेरगावाहून येणाऱ्या एक्स्टर्नल परीक्षकाला भितात. भिंतीवर आपली ड्रॉइंग्ज लावायची, शेजारी मॉडेल मांडायचं आणि वर्षभराच्या थीसिसची बाजू एकट्यानं लढवायची, असा तो प्रकार असतो. या आठवड्यात ती धड झोपलेली नाही.

"पडा की जरा ताई," बापू म्हणतात, "अजून बरीच निघायचीत."

"नको, जागी आहे मी," प्रणोती म्हणते. असं म्हणणारं माणूस कधीच जागं नसतं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैसाळकर सर बसलेत.

म्हैसाळकर सर तिचे गाइड. म्हणजे होते. गेल्या महिन्यात सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि रस्त्यातच कोसळले. प्रणोतीला हे पक्कं ठाऊक आहे. तरी सरांना बघून तिच्या मनात पहिल्यांदा येतं ते हे, की यांनी सांगितलेलं काम आपण केलेलंच नाही. गाइड गेला तरी विद्यार्थ्याची धास्ती काही जात नाही.

"काय गं, झालं का?" सर विचारतात.

"निघतायत सर शीट्स."

"बघू."

प्लॉटरमधून कागद येतोय तो थांबतच नाही. बाकड्याखालून, बापूंच्या पायांमधून तो पुढं पुढं सरकत जिना चढतो. सर उठून त्या कागदावरून चालायला लागतात. चपला घालून, तिच्या फायनल शीटवरून! "सर, ओली आहे शाई," ती म्हणते आणि त्यांच्या मागं धावते. तिच्या पायांखाली नदीची निळी रेघ लागते, मग घाट, मग झाडांचे गोल.

त्या कागदावर काय आहे ते सांगायला हवं. वर्गातल्या बाकीच्यांनी थीसिसला संग्रहालयं घेतली, रिसॉर्ट घेतले, एकानं तर विमानतळ घेतला. प्रणोतीनं घेतली स्मशानभूमी. तिच्या गावची, नदीकाठची, पत्र्याची गळकी शेड असलेली. आई फोनवर म्हणाली, "अगं बाई, जगात दुसरं काही सुचलं नाही तुला?" सरांना मात्र विषय एकदम पसंत पडला होता. त्यांचा प्रश्न एकच असायचा, दर आठवड्याला तोच: "लोक कुठं उभे राहतात?"

प्रणोती पुस्तकातलं वाचून उत्तर द्यायची. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुस्तकातली माणसं नकोत मला. तिथं माती असेल त्या दिवशी जा आणि नुसती उभी राहा." अंत्यविधीला त्यांच्या भागात मातीच म्हणतात. प्रणोती जायची ती रिकाम्या वेळी, टेप घेऊन, मोजमापं काढायला. मातीच्या दिवशी कधीच गेली नाही. "आमच्यात बायका जात नाहीत सर," असं तिनं सांगून टाकलं होतं. खरं तर ती भीत होती. बायकांची रीत ही आयती सबब मिळाली होती.

आणि डिझाइन तर देखणं झालं होतं. मधोमध चिता, तिच्याभोवती अर्धगोल पायऱ्या, म्हणजे सगळ्यांना बसून नीट शेवटचं दर्शन घेता यावं. ज्यानं त्यानं वाखाणलं. सरांनी तेवढा कान खाजवला.

कागदाची वाट जिना चढून कॉलेजच्या हॉलमध्ये निघते. भिंतीवर तिच्या शीट्स लागल्यात. टेबलामागं एक्स्टर्नल मॅडम बसल्यात, पण त्यांना चेहरा नाही, नुसता चष्मा आहे.

"लोक कुठं उभे राहतात?" चष्मा विचारतो.

प्रणोती वळून बघते तर सर मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेत.

"माझ्याकडं काय बघतेस?" सर म्हणतात. "ज्यूरीत गाइडनं बोलायचं नसतं. मेलेल्या गाइडनं तर नाहीच नाही."

"एवढं एकच सांगा ना सर."

"सांगण्यासारखं असतं तर वर्षभर विचारत बसलो असतो का? चल, माती आहे."

"कुणाची?"

"माझीच की."

हॉलची मागची भिंत नाहीच. तिथून थेट नदीकडं उतार आहे, आणि समोर तिची स्मशानभूमी उभी आहे. तिनं काढली तश्शी, किंबहुना मॉडेलमध्ये तिनं कापून चिकटवली तशी. पायऱ्या पांढऱ्याशुभ्र थर्मोकोलच्या, झाडं हिरव्या स्पंजची. ही झाडं बघून प्रणोतीला तो दिवस आठवतो. सरांच्या मातीला सगळं कॉलेज गेलं होतं. मुली गेल्या, मेसवाले गेले, बापूसुद्धा दुकान बंद करून गेले. प्रणोती स्टुडिओत थांबली, कारण सबमिशन तोंडावर आलं होतं. नदीकाठी सर जळत होते आणि ती चिमट्यानं झाडं चिकटवत बसली होती.

"मोठी देखणी केलीस हं," सर पायऱ्यांवरून हात फिरवत म्हणतात. "आता बघ."

तिरडी येते. खांदेकऱ्यांपुढं मडकं धरून सरांची मुलगी चालतेय. तिला प्रणोतीनं एकदाच पाहिलंय, गॅदरिंगला; मोठ्यानं हसणारी. आता जीन्सवर बापाचा जुना शर्ट घातलाय आणि ओठ घट्ट मिटलेत. शेणी-गोवऱ्या रचलेल्या आहेत. ती अग्नी देते. लाल ज्वाळा वर येतात, आणि प्रणोती वाट बघते की आता लोक येतील, तिच्या पायऱ्यांवर रांगेनं बसतील.

कुणीही बसत नाही.

माणसं पांगतात. दोघं-तिघं मिळून कडेकडेनं उभी राहतात, आणि सगळी पाठमोरी. वर्गातला हर्षद मोबाइलवर बोट फिरवतोय. ऑफिसचे रजिस्ट्रार मोटरसायकलीला टेकून उसाच्या दराचं बोलतायत. एक म्हातारे शेजाऱ्याला जावयाच्या बदलीचं सांगतायत. आगीकडं तोंड करून कुणीच नाही.

"बघितलंस?" सर खुशीत म्हणतात. परीक्षेत पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर व्हायचे तसे खूश.

प्रणोतीला राग येतो. "म्हणजे कुणालाच वाईट वाटत नाही?"

"वाटतं म्हणून तर पाठ केलीय! अगं, ज्याच्याबरोबर काल चहा प्यालो त्याला जळताना बघवतं का माणसाला? पण सोडून जाताही येत नाही. मग उभं राहायचं, पाठ करून, उसाचा दर काढत. तू त्यांना थेटरात बसवलंस."

"मला वाटलं, शेवटचं दर्शन…"

"दर्शन घरी झालं. इथं सोबत करायची असते. आणि ती बघ."

अर्धगोल पायऱ्यांच्या मधोमध सरांची मुलगी एकटीच उभी आहे. चहूबाजूंनी रिकाम्या पांढऱ्या पायऱ्या, कुस्तीचा फड उठून गेल्यावर मैदान दिसतं तशा. कुठं उभं राहावं ते पोरीला कळत नाही. ती एक पाऊल मागं सरकते, टेकायला काही सापडतं का म्हणून हात मागं नेते. मागं काहीच नाही.

"एक भिंत हवी होती तिला," सर म्हणतात. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली येतो. "खांद्याएवढी. बास. त्या दिवशी तू आली असतीस तर तुला दिसलं असतं. तिच्या शेजारी उभी राहिली असतीस तरी भागलं असतं."

थर्मोकोल आता पायांखाली भुसभुशीत लागतोय. प्रणोतीला सरांकडं बघवत नाही.

"सर, मी यायला हवं होतं."

"हवं होतं," सर म्हणतात. असू दे, काही हरकत नाही, असलं एक अक्षर पुढं येत नाही.

"शीट राहिली होती."

"ठाऊक आहे. मीच सांगून ठेवलं होतं ना, स्वतःच्या मरणाशिवाय दुसरी कुठली सबब सबमिशनला चालणार नाही म्हणून."

"त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी दिली होती सर. मीच घेतली नाही." आणि मग, एकदा बांध फुटल्यावर काय, तिच्या तोंडून तेही निघतं जे तिनं मैत्रिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. "तुम्ही गेलात कळलं तेव्हा पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता तो प्रश्न कुणी विचारणार नाही. रडू नंतर यायला पाहिजे होतं. तेही आलं नाही."

रजिस्ट्रारांचा आवाज मधूनमधून येतो. ती मान खाली घालून उभी राहते आणि तिला वाटतं, सरांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे खरं बोललीस," सर शेवटी म्हणतात. "उद्याही एवढंच खरं बोल. विचारलं तर सांग, मी गेले नव्हते. पायऱ्या चुकल्या, भिंत हवी होती."

"मार्क जातील सर."

"जातील की! मार्क काय, माणसं जातात."

आणि ते हसतात, आपल्याच विनोदाला, वर्गात हसायचे तसे, खांदे हलवत.

आता लोक निघालेत. फाटकाशी कडुनिंब आहे, स्पंजचा नाही, खराखुरा, वाऱ्यानं हलणारा. माणसं एकेक डहाळी तोडून पाला तोंडात टाकतायत आणि मागं न बघता रस्त्याला लागतायत. सर तिच्यासाठी एक डहाळी मोडतात.

"चाव. लगेच थुंकू नकोस, पोरं थुंकतात. आणि मागं वळून बघायचं नाही."

"तुम्ही?"

"मी कुठं येणार आता?"

ती पाला चावते. कडूजहर. चार पावलं जाते, पाचवं उचलत नाही. आपण नीट निरोपसुद्धा घेतला नाही, असं तिच्या मनात येतं आणि मान वळायला लागते.

"ताई! ओ ताई! उठा, झालं बघा सगळं."

बापू समोर उभे आहेत. प्लॉटर थांबलाय. शीट्सची गुंडाळी रबर लावून टेबलावर ठेवलेली आहे. प्रणोती बाकड्यावरून उठून बसते. तोंड कडू झालंय. उपाशी झोपल्यावर होतं तसं असेल, असं म्हणून ती आवंढा गिळते, तर जिभेखाली काहीतरी टोचतं. बोट घालून ती ते बाहेर काढते.

कडुनिंबाचं पान. अर्धं चावलेलं, कडेला करवतीसारखे दाते, ओलं आणि हिरवंगार. या तळघरात कुंडीतलंसुद्धा झाड नाही.

"चेहरा काय झालाय तुमचा," बापू म्हणतात आणि चहाचा ग्लास पुढं करतात. "घ्या, गरम आहे. खाल्लं नसणार काही."

प्रणोतीचा हात सवयीनं पुढं जातो आणि मधेच मागं येतो.

"नको बापू. शिवू नका मला. मातीवरनं आलेय."

"आं? कुणाच्या?"

"आमच्या सरांच्या," ती म्हणते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटतं. हमसून हमसून, पान मुठीत घट्ट धरून.

सरांना जाऊन महिना होत आला हे बापूंना चांगलं ठाऊक आहे. ते स्वतः गेले होते. दुपारपासून ही पोर बाकड्यावरून हललेली नाही, हेही त्यांनी बघितलंय. ते तिच्या मुठीकडं बघतात, हातातला ग्लास टेबलावर ठेवतात आणि एक पाऊल मागं सरतात.

"मागल्या बाजूला नळ आहे ताई," ते हळू आवाजात म्हणतात. "पाय धुऊन या आधी."