कॅमेऱ्यासमोर मी दादाबद्दल बोलले

दर रविवारी दुपारच्या एसटीने दादा यवतमाळहून नेरला माझ्या घरी यायचा. दारातूनच म्हणायचा, "बाई, तुह्या हातचा चहा प्याले आलो." पण चहाच्या आधी त्याचा हात रिमोटवर जायचा. आमच्याकडे तेव्हा नवीनच डिशची छत्री बसवली होती आणि एका चॅनलवर दुपारभर परदेशी माहितीपट हिंदीतून लागायचे. आधी एखाद्या खुनाचा, त्यामागोमाग एखाद्या गायकाचा नाहीतर वादकाचा, ज्याचं पुढे वाटोळं झालं असा. आमचे हे एसटीत कंडक्टर, रविवारी बहुतेक ड्यूटीवरच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आठवडाभर पोरांपुढे बोलून झाल्यावर रविवारी कुणाचं तरी ऐकत बसायला मला बरं वाटायचं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. पोटापाण्याला पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, आणि त्या वर्षांत गावोगावच्या भिंतींवर कापसाच्या बियाण्याच्या जाहिराती. पण लोक त्याला ओळखायचे ते गायक म्हणून. जयंतीच्या महिन्यात त्याच्या गायन पार्टीला तारखा पुरायच्या नाहीत. दादा वरच्या पट्टीत गेला की मांडवाबाहेर गप्पा मारत उभी असलेली माणसं आत येऊन बसायची. कापसाचं बिघडलं तशा गावांतल्या वर्गण्या आटल्या, कार्यक्रम कमी झाले. त्यातच छापील बॅनर आले आणि पाट्यांचं कामही गेलं. पीत तो आधीही होता, पण कार्यक्रमानंतर. आता कार्यक्रम नसतानाही पिऊ लागला. रंगाच्या डब्यांच्या पेटीत बाटली असते हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

साडेतीनला लोडशेडिंग सुरू व्हायचं. खुनी कोण हे कळायच्या जरासं आधी पडदा काळा व्हायचा. मग राहिलेला निकाल आम्ही दोघं लावायचो.

"नवऱ्यानंच मारलं असन," मी म्हणायची. "कसा रडून राह्यला होता पाह्य ना."

"म्हनूनच तर," दादा म्हणायचा. "रडता रडता कॅमेऱ्याकडे दोनदा पाह्यलं त्यानं. रडनाऱ्याले कॅमेरा कुठी हाये ते मालूम नसते, बाई."

पडद्यावर येऊन बोलणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा त्याला भारी राग. "मेलेल्या बाईचा एकच फोटो, आन् शेजारनीचे तीन ड्रेस," तो म्हणायचा. "तीन दिवस बोलत होती वाटते हे." गायकांच्या माहितीपटांवरही त्याची एक कायमची तक्रार होती. "आख्खं गानं एकही दाखवत नाई. दहा सेकंद गानं, मंग थेट अँब्युलन्स."

एकदा अशाच एका गायकाचा माहितीपट लागला. मोठं नाव, मोठं घर, आणि चाळिशीच्या आत संपलेला. वीज गेल्यावर मी सहज बोलून गेले, "याले कोनी सांगनारं नव्हतं का रे?"

"सांगनारे लय असन. इचारनारं कोनी नसन," दादा म्हणाला.

"काय इचाराचं?"

तो काळ्या पडद्याकडे बघत बोलू लागला. "स्टेजवरून उतरलं की मानसाचे कान दुखते. हजार लोकाइचा आवाज आत असते, आन् खोलीत आलं की निस्ता पंखा वाजते. थे बुजवाले पेते मानूस. सकाळी उठून तोंड धुवाच्या आधी आवाज लावून पाह्यते. एखाद्या दिवशी लागत नाई. त्या दिवशी बायकोच्या तोंडाकडे पाहाची हिंमत होत नाई त्याची."

माहितीपटातल्या त्या गायकाला बायको नव्हती. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं.

त्यानंतरचे रविवार तसेच गेले. मी 'त्या गायका'बद्दल विचारायची आणि दादा 'त्याच्या'बद्दल सांगायचा. त्याला सोडायची होती का, म्हणून मी विचारलं. दादा म्हणाला, रोज संध्याकाळपर्यंत सोडलेलीच असते त्यानं. एकदा त्यानेच मला उलट विचारलं, "त्याच्या बहिनीनं काय कराले पाह्यजे होतं, तुले काय वाटते?" मी म्हटलं, "त्याच्यापाशी बसाचं." तो हसला आणि कप खाली ठेवला. आयुष्यात आम्ही बहीणभाऊ इतकं कधी बोललो नव्हतो. आई-वडील गेले तेव्हाही नाही.

त्याच वर्षांत जिल्ह्यात कॅमेरे यायला लागले. कापसापायी होणाऱ्या आत्महत्यांची बातमी दिल्ली-मुंबईला पोहोचली होती. पांढऱ्या गाड्या गावात शिरायच्या, उजाड घरापुढे थांबायच्या आणि संध्याकाळच्या आत परत जायच्या. एक दिवस आमच्या शाळेतही दिल्लीची एक बाई आली, सोबत कॅमेरावाला. शाळेसमोरच्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात होती, टपोऱ्या बोंडांची. ती बराच वेळ त्या जाहिरातीकडे बघत राहिली आणि मग हिंदीत म्हणाली, "ये किसने बनाया होगा?"

मी म्हटलं, "मेरे भाई ने. वो गाता भी है."

ते सांगताना माझी मान किती ताठ झाली होती, ते आजही आठवतं.

चित्रीकरणाच्या आधी तीन दिवस दादाने बाटलीला हात लावला नाही. वहिनीने पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. त्याने यवतमाळच्या घरी, बाजाची पेटी पुढ्यात घेऊन, आख्खं गाणं म्हटलं. मग कॅमेऱ्याला दुसऱ्या बाजूने हवं होतं म्हणून पुन्हा आख्खं म्हटलं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा सुरेख गायला. दिल्लीची बाई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, आता होईल काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. चहा घेतला, घराचं कौतुक केलं, आणि विचारलं, "आपके भाई इतना अच्छा गाते हैं. खुश हैं?"

कॅमेरा सुरू होता. तोवर मला कुणी असं समोर बसवून, माझ्याकडे एकटक बघत काही विचारलं नव्हतं. शाळेत मी विचारायची आणि पोरं उत्तरं द्यायची. घरी भाजीत मीठ आहे का एवढंच. त्या बाईला माझं सगळं ऐकायचं होतं. मी सांगत गेले. कान दुखतात ते, पंख्याचा आवाज, सकाळचा न लागणारा आवाज, वहिनीच्या तोंडाकडे बघायची हिंमत. 'तो गायक' काढला आणि 'माझा भाऊ' घातला. रंगाच्या पेटीतली बाटलीही सांगितली. मग मला रडू आलं. ते खरं होतं, खोटं नव्हतं. पण रडता रडता कॅमेरा कुठे आहे हे मला नेमकं माहीत होतं, आणि मी पदर तोंडावर घेतला नाही.

सहा-सात महिन्यांनी कुरिअरने त्या माहितीपटाची सीडी आली. मी दादा-वहिनीला रविवारी जेवायलाच बोलावलं. ह्यांनी ड्यूटी बदलून घेतली. चौघं टीव्हीपुढे बसलो. त्या दिवशी वीज गेली नाही.

आधी भिंती आल्या, मग बाजार समितीपुढे उभ्या बैलगाड्या, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं फाटक. मग पांढऱ्या शर्टात दादा. वहिनी माझ्याकडे बघून हसली. त्याने गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीचा सूर घेता घेता चित्र तुटलं. माझा चेहरा आला. मी बोलत होते. माझा आवाज तसाच चालू राहिला आणि पडद्यावर यवतमाळच्या बसस्टँडवरचा बाक दिसला. बाकावर दादा झोपलेला. तोंड उघडं, एक चप्पल खाली पडलेली. ते त्यांनी केव्हा घेतलं, त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही. वरून मी सांगत होते की सकाळी आवाज लागला नाही की माझा भाऊ बायकोच्या तोंडाकडे बघत नाही.

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. नुसती जाऊन उभी राहिली असावी.

सिनेमा संपेपर्यंत दादा हलला नाही. मग म्हणाला, "बाई, तू चांगली बोल्ली. साफ बोल्ली." आणि पिशवी उचलली. ताटं मांडलेली होती. ह्यांनी "भाऊ, दोन घास तरी" म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर होता.

पुढे तो माहितीपट यवतमाळच्या एका कॉलेजात दाखवला. मग बाहेरदेशात त्याला बक्षीस मिळालं. ते सांगायला दिल्लीहून फोन आला, आणि मी त्या बाईचं अभिनंदन केलं.  शाळेत सहकाऱ्यांनी पेढे मागितले. जयंतीला दरवर्षी दादाला पहिली तारीख देणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "भाऊ, यंदा आराम करा." तो पितो हे त्यांना आधी माहीत नव्हतं का? सगळ्या गावाला माहीत होतं. पण आता ते सख्ख्या बहिणीने सांगितलं होतं.

रविवारी तो यायचा थांबला. चार-पाच महिन्यांनी वहिनीचा फोन आला की त्यांनी सोडली, थेंबही घेत नाहीत. मी देवळाबिवळात जाणारी नाही, पण त्या दिवशी विहारात जाऊन मेणबत्ती लावली. मग पुन्हा फोन आला की बाजाची पेटी पार्टीतल्या ढोलकीवाल्याला देऊन टाकली, आणि आम्ही पांढरकवड्याला राहायला जातो आहोत. तिथे हायवेवर ट्रक रंगवायचं काम मिळालंय.

मी गेले त्याला भेटायला. ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत तो एका ट्रकच्या मागच्या फळीवर मोर काढत होता. अंगाने भरला होता, हात जराही थरथरत नव्हता. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"दादा, माह्यं चुकलं," मी म्हटलं.

"कायचं चुकलं? खोटं थोडीच बोल्ली तू."

"खरं होतं तरी नव्हतं सांगाले पाह्यजे."

त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, चिंधीला पुसला. "पिऊन पडतो थे साऱ्याइले मालूम होतं. त्याचं काई नाई. पन बाकीचं मी तुले सांगतलं होतं, बाई. त्या दिल्लीवालीले नाई." मग मोराच्या मानेचा निळा रंग उचलला आणि म्हणाला, "तुही गाडी कितीची हाये?"

त्याने मला स्टँडवर सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. तेवढं तो अजूनही करतो. लग्नकार्यात भेटतो, माझ्या पोरांची विचारपूस करतो. सगळे म्हणतात, त्या सिनेमानं का होईना, माणूस सुधारला. एका पाहुण्याने तर माझ्यासमोरच त्याला सांगितलं की बहिणीचे उपकार मानायला पाहिजेत. दादा म्हणाला, "हो, मानतो ना."

मागच्या उन्हाळ्यात न कळवता पांढरकवड्याला गेले होते. दुपारची वेळ. गल्लीत कोणी नव्हतं. त्याचं दार आतून लावलेलं होतं आणि आत तो गात होता. पेटीशिवाय, सावकाश, प्रत्येक ओळ दोनदा घेऊन. आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरला होता, पण सूर पक्का होता. वहिनी मधेच काहीतरी म्हणाली, तो हसला आणि पुढचं कडवं सुरू केलं. मी उन्हात पिशवी घेऊन उभी होते. किती वेळ, सांगता येणार नाही. मग समोरच्या घरातल्या बाईने दार उघडून माझ्याकडे रोखून पाहिलं, म्हणून मी कडी वाजवली.

गाणं थांबलं. वहिनीने दार उघडलं. दादा पलंगावर बसून वर्तमानपत्राची घडी करत होता.

"ये," तो म्हणाला. "ऊन लय हाये बाहेर. पानी घे."

मी पाणी घेतलं. मग आम्ही यवतमाळहून नेरला येणारी दुपारची एसटी आता बंद झाली त्यावर बोललो.