सायलेन्सरातली काजळी

पातूरकडून मेडशीकडं चढणाऱ्या घाटात माझी मोटार भरल्या उतारूंनिशी पहिल्यांदा चढली, ती माझ्या अकलेनं चढली. हे साऱ्या वाशीमला ठाऊक आहे. त्याच सकाळी माझ्या उस्तादांची मोटार मागं अडकली. ती का अडकणार हे मला आधीच कळलं होतं, आणि मी बोललो नाही. हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, देवापुढंही नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचे दिवस होते. वाशीम ते अकोला दोन मालकांच्या दोन सर्विस मोटारी, म्हणजे उतारूंच्या बसगाड्या, धावत. एक मी चालवायचो, दुसरी उस्ताद. मला क्लीनरचा ड्रायव्हर त्यांनीच केला. शिकवणीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टेरिंगला हात लावू दिला नाही. बॉनेटपाशी उभं केलं अन् डोळे मिटायला लावले.

"कान लाव."

"पण उस्ताद, स्टेरिंग?"

"स्टेरिंग कोणीबी फिरवते. म्हशीनं दूध नाही देल्लं तर तू तिचे शिंगं फिरवतं काय बे? कान लाव!"

असा मी शिकलो. कुठला ठोका चुकला, कुठं तेल कमी पडलं, हे मला आवाजावरून कळू लागलं. पुढं माझ्या हातून जे काही झालं ते या कानांच्या जोरावर झालं.

अकोल्याहून येताना घाटाच्या पायथ्याशी मोटार थांबायची. क्लीनर ठोकळा घेऊन चाकामागं उभा राहायचा आणि सगळ्यांना खाली उतरवायचा. बायका गाठोडी डोक्यावर घेऊन चढायच्या, पुरुष मागून ढकलायचे. "तिकीट मोटारीचं अन् पाय आपले!" असं रोज कुणीतरी म्हणायचं आणि रोज सगळे हसायचे. मला ते हसू झोंबायचं.

अशात मधल्या गावांचं टपाल मोटारीवर द्यायचं ठरलं. टपालाचे साहेब म्हणाले, भरली गाडी घेऊन जो घाट चढेल, त्याला टपाल. उस्तादांच्या मालकानं तेव्हाच सांगून टाकलं, टपाल नाही मिळालं तर मोटार विकून टाकीन. म्हणजे उस्तादांचं स्टेरिंग त्या एका चढावर टांगलेलं होतं. माझा मालक नुसता एवढंच म्हणाला, "पाह्य बाप्पा, इज्जतीचा सवाल हाय."

नेमकी तेव्हाच माझी मोटार धापा टाकू लागली. मी प्लग घासले, कार्बोरेटर उघडला, व्हॉल्व्ह बसवले. काही फरक पडेना. शेवटी गाडीखाली आडवा होऊन सायलेन्सरवर हातोडी मारली. पोकळ डब्याचा आवाज यायला हवा होता, तर भरल्या मडक्यासारखा भद्द आवाज आला.

सायलेन्सर म्हणजे पत्र्याचा लांबट डबा. आत भोकं पाडलेल्या चकत्या. इंजिनातून धूर धडाक्यानं सुटतो, डब्यात आला की फैलावतो, आणि भोकाभोकांतून जाता जाता त्याची धार मरते. माझ्या डब्यातली ती भोकं काजळीनं आणि जळक्या तेलानं बुजून गेली होती. इंजिनाला श्वास सोडायला जागा नव्हती. जुना श्वासच बाहेर जाईना, तर नवा आत कुठून येणार?

आधी मी मूर्खपणा केला. सायलेन्सर काढूनच टाकला आणि मोटार तशीच मालेगावच्या बाजारात नेली. काय तो गडगडाट! बैल उधळले, कापसाची एक गाडी पार उलटली, आणि तिचा धनी बैल टोचायची तुतारी घेऊन माझ्यामागं धावला. "मोटार हाय का तोफ हाय रे?" एवढं होऊनही जोर वाढला तो थोडाच. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागं फटाके फुटायचे. नुसतं मोकळं सोडून भागत नाही, धुराला वाट द्यायची आणि वळणही लावायचं, हे तिथं कळलं.

मग एका लोहाराला धरलं. जुन्याहून रुंद डबा केला. आत भोकांची नळी घातली. सगळी भोकं मिळून नळीच्या तोंडापेक्षा मोठी वाट होईल इतकी पाडली. मोटार सुरू केली आणि मी नाचलोच. एकेक ठोका सुटा, गोल, धब् धब् धब्. चढावर ओढ अशी की लगाम धरलेल्या घोड्यासारखी.

एकच खोट राहिली. सपाटीवर ठराविक वेगाला मोटारीत घूंऽ असा घुमारा भरायचा. उतारू कानात बोटं घालायचे. एक म्हातारी म्हणाली, "डोक्यात भुंगा शिरला बाई!" लोहाराच्या भात्यापाशी औषधाची रिकामी बाटली पडली होती. मी सहज तिच्या तोंडावर फुंकर घातली, तर तिनंही घूं केलं. थोडं पाणी ओतलं, सूर बारीक झाला. मनात आलं, धुराच्या नळीला बगलेत एक बंद नळी जोडली, अन् तिचा सूर या घुमाऱ्याशी जुळला, तर घुमारा तिच्यातच जिरेल. लांबी मात्र अंदाजानंच काढायची होती. बोटभर कापायची, पितळेनं जोडायची, रस्त्यावर फिरवून आणायची. एक नळी जास्त कापली, वाया गेली. दुसरी घेतली.

लोहार वैतागला. "बाप्पा, तू मोटार दुरुस्त करून राह्यला का बासरी?"

आणि एका दुपारी किन्हीराजाच्या रस्त्यावर तो वेग आला, गेला, आणि घुमारा आलाच नाही! फक्त चाकांचा आवाज आणि ते गोल ठोके. मी एकटाच होतो. भर रस्त्यात मोटार थांबवून मी ओरडलो. तेवढं मोठ्यानं मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

त्याच आठवड्यात उस्ताद माझ्याकडं आले. त्यांची मोटार तेव्हा फार शांत चालायची. लोक म्हणत, उस्तादांची गाडी म्हणजे गरीब गाय. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, मला मागं नेलं आणि हळूच विचारलं,

"बेटा, घाटात दम टाकून राह्यली ही. तुले काही आयकू येते काय?"

त्यांचे कान गेले होते. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून गेले होते. मागून दिलेला हॉर्न त्यांना कळत नाही, हे मी पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं. मी कान लावला. ठोके नव्हतेच. ओल्या लाकडासारखं नुसतं फुसफुसणं होतं. त्या गाईचं गरीबपण म्हणजे बुजलेला सायलेन्सर होता. एक हातोडी आणि अर्धा दिवस, एवढंच काम.

"नाही उस्ताद," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो. "गाडी म्हातारी झाली."

"गाडी का मी?" ते हसले. मीही हसलो.

घाटाच्या सकाळी साहेब माझ्या शेजारी बसले. मोटार गच्च भरलेली; मागं उस्तादांची, तीही तशीच. पायथ्याशी आलो तसे सवयीनं लोक उठू लागले. मी म्हणालो, "बसा. कोणीच उतरू नका."

"काहून? खालीच ठेवतं काय आमाले?"

"बसा म्हणतो ना!"

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ठोके संथ झाले, जड झाले, पण तुटले नाहीत. मग त्या भुंग्यावाल्या म्हातारीनं एकदम टाळ्या पिटल्या, "चालली माय! चालली!" आणि सगळी मोटार ओरडू लागली. क्लीनर ठोकळा हातात घेऊन पायरीवर नाचत होता. माथ्यावर आलो तेव्हा साहेबांनी माझा हात हातात घेतला. तो आनंद आजही माझा आहे. त्यात एक चिमूटभरही खोट नव्हती, कारण तो डबा, ती नळी, ते ठोके मी घडवले होते.

उस्तादांची मोटार दुसऱ्या वळणावर थांबली. लोक उतरून चढत आले. त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचा हात गेला." उस्तादही चालतच आले. ते थेट माझ्या मोटारीमागं गेले, वाकले आणि धुराच्या नळीपुढं तळवा धरला. इंजिन चालू होतं. कानांनी ऐकू येत नव्हतं ते उस्ताद हातानं ऐकत होते.

मग सगळ्यांकडं वळून ओरडले, "वा रे वा! ठोका पहा, ठोका! शागीर्द हाय माहा!"

तेव्हा बोलायचं होतं. माझ्या गळ्यात हार पडला आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्यांची मोटार विकली गेली. घेणाऱ्यानं सायलेन्सर उघडला, काजळी खरवडली आणि तीच मोटार पुढं त्याच घाटात चढत राहिली. ते उस्तादांना कुणी सांगितलं नाही. आपला हात गेला, असं धरून त्यांनी पुन्हा स्टेरिंगला हात लावला नाही.

आता ते शेलूबाजारला जावयाच्या टायरच्या दुकानात बसतात. बाजाराच्या दिवशी मी गेलो की गिऱ्हाइकांना घाटाची हकीकत सांगतात, माझ्या मोटारीचा ठोका तोंडानं काढून दाखवतात, आणि शेवटी म्हणतात, "माहा हात गेला होता तवा. याचा नाही." मी चहा पितो.

हे मी लिहिलं, पण त्याचा त्यांना उपयोग नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही. हळू सांगितलेलं आता मुळीच ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर घसा फोडून ओरडावं लागतं, म्हणजे सारा बाजार ऐकणार.

तेवढंच मी त्यांचं देणं लागतो. भर बाजारात, सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं: उस्ताद, तुमचा हात गेला नव्हता. सायलेन्सर बुजला होता. मले माहीत होतं.