चुन्यावरचे पक्षी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून असेल.

मी टेंभुर्णीत चित्रकला शिकवते. शाळेत मुलांकडून घागर आणि केळी काढून घेते. घरी मात्र माझे भलतेच उद्योग चालतात. एकदा गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस भिजत घातले. वास असा, की सासूबाईंनी तो डबा दोनदा उकिरड्यावर नेऊन ठेवला. पण ते पाणी ताज्या चुन्यावर लावलं की आधी काहीच दिसत नाही—आणि दोन-तीन दिवसांनी तांबूस रेघ आपोआप वर येते. मला वेडच लागलं.

दिवाळीआधी आमच्या गल्लीला रशीदभाई चुना मारायचे. वर्षानुवर्षं तेच. ते दिवस कापूस वेचणीचे. लोक घराची किल्ली त्यांच्या हातात देऊन शेतात जायचे. आतल्या खोलीतही ते एकटे काम करत असायचे आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

त्या वर्षी भर दुपारी, गल्ली रिकामी असताना, मी नुकत्याच चुना मारलेल्या चार भिंतींवर त्या पाण्याने पक्षी काढले. नाव घातलं नाही. लोकांनी नवल करावं, एवढंच मनात होतं. खरंच एवढंच? कोण काय म्हणतंय ते खिडकीआडून ऐकायची हौसही होती.

नवल कुणी केलं नाही. कुणी न काढता पक्षी उमटतो कसा? चोरांची खूण असेल. करणी असेल. आणि चारच घरं का? ज्यांच्या भिंतीवर पक्षी नव्हता, त्यांच्याकडे लोक तिरकं बघू लागले. बायका सडा टाकायच्या आधी गल्लीभर नजर फिरवायच्या. मीही फिरवायचे—माझ्याकडे कोण बघतंय ते कळावं म्हणून. बोटांवरचे डाग चिंचेने घासून काढले.

मग समोरचे काशिनाथकाका चार-पाच जणांना घेऊन आले. म्हणाले, "बाई, तुमाला रंगातलं कळतं. हे वरून काढलंय का आतून आलंय, तेवढं सांगा."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. लोक हसले असते, चार दिवस नावं ठेवली असती, संपलं असतं. मी काय केलं? भिंतीला नाक लावलं, नखाने खरवडलं—अगदी जाणकारासारखं—आणि म्हणाले, "आतूनच आलंय. चुना कालवतानाच काहीतरी घातलेलं असणार."

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज तरी कुठे होती?

रशीदभाईंना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढच्या दिवाळीला फक्त बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या हातात किल्ली द्यायला कुणी धजेना. शेवटी घर बंद करून ते मुलीकडे शहागडला राहायला निघाले.

निघायच्या दिवशी ते माझ्या दारात उभे. मला वाटलं—कळलं यांना! मी आत बोलावलं, चहा ठेवला.

"बाई, गल्लीत कुणी बराबर बोलून न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "तुमी तेवढ्या बोलल्या. याद राहील."

बोलत होते मी, खरं आहे. जरा जास्तच गोड बोलत होते. लाज वाटली, पण कप पुढे केलाच.

चहा संपवून त्यांनी हळूच विचारलं, "ते पाखरं कुणाचं काम होतं, तुमाला तरी काही कळलं का?"

पहिल्यांदा चार माणसं समोर होती, घाबरले असेन. या वेळी घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही हो, भाई."

त्यांनी ते खरं मानलं.