अण्णांचं टेस्टिंग

सातपूरचं आमचं गॅरेज फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. गिअरबॉक्समधलं तेल आम्ही वेळच्या वेळी बदलतो, किस्से मात्र कुणी काढून टाकत नाही. ते तळाशी साचतच जातात! त्यातले बहुतेक आमच्या इलेक्ट्रिशियनचे, अंबादासअण्णांचे.

*

गिअर बदलताना तेलाची वाट उघडणारा-मिटणारा छोटा विजेचा व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड. आम्ही तो मीटरवर तपासतो. अण्णा मीटर झाल्यावरही तो बॅटरीला जोडतात आणि कानाशी धरून ‘टक्’ ऐकतात. एकदा शेठ वैतागले, “अण्णा, एवढा भारी मीटर आणलाय, त्याच्यावर भरवसा नाही का?”

“मीटर तुमचा हाय शेठ. कान माझा हाय!”

*

खंडेनवमीला शेठनी गाडीतले बिघाड वाचणाऱ्या नव्या स्कॅनरची मनोभावे पूजा केली. हळदकुंकू थेट सॉकेटमध्ये! दुसऱ्या दिवशी स्कॅनर कुठल्याच गाडीशी बोलेना. शेठ रडकुंडीला आले. अण्णा ब्रशने पिना साफ करत म्हणाले, “देव झालाय तो आता. नवसाशिवाय बोलायचा नाय!”

*

एका निवृत्त साहेबांची तक्रार होती, गाडी ओढतच नाही. सेन्सर तपासले, वायरिंग तपासलं, सगळं ठणठणीत. शेवटी अण्णा त्यांच्या शेजारी बसून चक्कर मारून आले. साहेबांचा डावा पाय सारखा ब्रेकवर! ऑटोमॅटिकमध्ये नसलेला क्लच शोधत होता बिचारा.

“साहेब, गाडी नवी घेतली,” अण्णा म्हणाले, “पाय जुन्याच गाडीत राहिला!”

*

पण अण्णांच्या मुलीचा, सोनालीचा, किस्सा वेगळाच. एकुलती एक पोर. स्थळं येत होती आणि अण्णांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांचं म्हणणं, थंड सोलेनॉइड हमखास पास होतो, खरा दोष तापल्यावर कळतो. “पोहे खाताना सगळीच पोरं गुणाची असत्यात रे!”

लासलगावकडचं स्थळ आलं. सोनालीला मुलगा पसंत होता, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. अण्णांच्या घरी मदतीला गेलेला मी पोह्याच्या प्लेटा फिरवत होतो. “गाडी सावलीत लावतो,” म्हणून अण्णा पाहुण्यांची चावी घेऊन बाहेर गेले.

निघताना पाहुण्यांच्या गाडीचा गिअरचा लिव्हर ‘पार्क’वरून हलेना! मे महिन्याची दुपार. अण्णा स्टिअरिंगखाली आडवे, हातात मीटर. मुलाचे वडील मुलावरच खेकसायला लागले, “तुला कुणी सांगितलं होतं ही ऑटोमॅटिक घ्यायला?” मुलगा घामाने निथळत टॉर्च धरून उभा. “दादा, तुम्ही आत बसा ना, ऊन लय हाय,” एवढंच वडिलांना म्हणाला. शिवाय अण्णांच्या डोक्याखाली स्वतःच्या रुमालाची घडी सरकवली. मला तर तो तिथेच आवडला.

बऱ्याच वेळाने अण्णा उठले. शर्टाच्या खिशातून एक फ्यूज काढला, जागेवर बसवला, हात पुसले.

“पोरगा पास!”

“आणि गाडी?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“गाडीला काय झालंय?”