चार तोट्यांचं बदक

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल, आन् शेजारी मल्लिकार्जुन आप्पाचं किराणा दुकान. चाळीस वरसं शेजार केला, म्हणून हे सांगायचा हक्क माझा हाय. दुसरा कोणी सांगू लागला तर आप्पाला येडा तरी ठरवील, न्हाईतर देव तरी. दोन्ही बकवास. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आन् नखांत काळं ग्रीस, असा तो माणूस होता. सकाळची पूजा आटोपली की दुकान महानंदावैनीच्या हवाली, आन् हा मागच्या छपरात.

त्या छपराखाली एक लष्करी ट्रक होता. साधा न्हवं. सहा चाकं, खाली नावेचं पोट, वर माल भरायचा हौद, आन् मागं पाणी कापायचा पंखा. जमिनीवर चालायचं आन् पाण्यात तरंगायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेनं असले हजारो केलते, आन् फौजेतले लोक त्याला बदक म्हणायचे. नगरला लष्करी भंगाराचा लिलाव होता. आप्पा गेलता ताडपत्री बघायला, आन् आला हे बदक ओढत घेऊन.

मी म्हणलं, "आप्पा, आपल्या बीड जिल्ह्यात हे कावून आणलंस बे? हितं खऱ्या बदकाला प्यायला पाणी न्हाई."

"पाणी कवा ना कवा येतंच की रामहरी," तो म्हणला. "आपलं तयार पायजे. एकदा तरंगली की झालं. मला दुसरं काई नको."

त्या एकदासाठी त्यानं आठ वरसं घातली. कुजलेला पत्रा कापायचा, डिझेलच्या पिपांचा पत्रा तिथं झाळायचा, ट्रॅक्टरच्या ट्यूबा कापून दाराच्या फटी बुजवायच्या. पण आता सांगा, नावेला कुठं भोक हाय ते पाण्याबिगर कळावं कसं? आप्पानं हिकमत काढली. भर उन्हात गाडीवर जाड ताडपत्री टाकायची आन् आपण आत अंधारात पालथं पडायचं. बुडातून जिथं उजेडाचा ठिपका दिसल तिथं खडूची खूण. पाणी नसलं तरी ऊन तर आमच्याकडं लई! घामानं निथळत भाईर आला की मी त्याला तांब्याभर पाणी द्यायचो, आन् वैनी दुकानातून वरडायच्या, "सवत आणली असती तर तिनं भाकरी तरी थापल्या असत्या!"

फाट्यावर येणारा-जाणारा थांबून बघायचा, आन् ज्याला त्याला आपलंच सुचायचं. शिरूर कासारचा ऊसतोडीचा मुकादम, नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणणारा, विचारायचा, "किती कोयते बसत्याल हिच्यात?" ढाबेवाला म्हणायचा, "कोंबड्या कोंडायला बरी हाय." आप्पा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "तरंगू द्या आधी."

एका श्रावणात गाडी जोडून झाली आन् आमी दोघं तिला घेऊन गेवराईला गोदावरीवर गेलतो. पावसानं दडी मारलेली, नदीत पाणी म्हणजे गुडघ्याइतकं, बाकी सगळी वाळू. बदक दिमाखात उतारावरून गेलं आन् वाळूत रुतून बसलं. तिथं वाळू भरणारे होते. त्यातला एकजण म्हणला, "ओ, मधी कावून घुसता? तिकडं लाईन लावा." दोन बैलजोड्यांनी वर काढली. परत येताना मला हसू येत होतं आन् आप्पाची कीव बी येत होती.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. शिवारात हिरवं म्हणून काई उरलं न्हाई. सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, आन् अख्खं गाव खडी फोडायला आन् माती उपसायला लागलं. खायला सुकडी मिळायची, पण ती भिजवायला पाणी नव्हतं. चार मैलांवर दरीत एक विहीर जित्ती होती. ते पाणी कामावर आणायचं कशात, ही पंचाईत.

आमचे सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. कडक इस्त्री, आन् भाषणाला कवा बी तयार. ते छपरात आले, बदकाच्या पोटावर थाप मारून म्हणले, "आप्पा, सहकार म्हंजे काय? गाडी तुमची, अडचण गावाची, पाणी सगळ्यांचं. हौदाला चार तोट्या बसवा, की झाला टँकर!"

तोट्या म्हंजे भोकं. ज्या पत्र्यात उजेडाचा ठिपका ठेवला न्हाई, त्याच्यात चार भोकं! "जमायचं न्हाई साहेब," आप्पा म्हणला, आन् दोन दिवस छपरातच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी कामावर एक बाई चक्कर येऊन पडली. वैनींनी तिला दुकानासमोर सावलीत निजवलं, आन् सरळ छपरात गेल्या.

"पाणी भाईर ठेवायला आठ वरसं घातली ना? मंग आत ठेवायला काय धाड भरली तुमाला?"

आप्पा उठला. हौदाच्या बुडाला जाड पत्रा झाळून पक्का केला, आन् मंग ड्रिल हातात घेतलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला न्हाई. चौथं भोक पडलं तवा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी म्हणलं, "पत्र्याचा कीस गेला का डोळ्यात?" तो म्हणला, "गप बस बे."

दोन उन्हाळे बदकानं पाणी वाहिलं. बाया लाईन लावायच्या, हौद रिकामा व्हायचा, तरी कोणी हलायचं न्हाई. जाणारी-येणारी प्रत्येक बाई तोटी पिरगाळून बघायची, एखादा थेंब निघाला तर निघाला. न्हाई निघाला तर तशीच उघडी सोडून पुढं. सगळ्या गावाला ही सवय लागली. खोटं कशाला बोलू, मला बी लागली.

मंग पाऊस झाला, आन् आमीच खोदलेला तलाव काठोकाठ भरला. आप्पा माझ्या हॉटेलात पळत आला. त्या वयात पळत! "रामहरी, आता तरंगल बे!" तोट्या काढून भोकं बुजवायचं त्याच्या मनात होतं, पण बायांनी छपर घेरलं. त्यांची म्होरकी छबुबाई. म्हणली, "पुढच्या साली परत आटलं तर? तोटीला हात लावायचा न्हाई." आप्पानं ऐकलं. बदक पाण्यात घालायच्या दिवशी सकाळी चारी तोट्या स्वतः घट्ट बंद केल्या, दोनदा तपासल्या.

तलावावर जत्रा लोटली. वैनी इरकल नेसून पुढं बसल्या. दहा वरसांत पहिल्यांदा चढल्या त्या गाडीत. सुंदरराव हौदात नारळ घेऊन उभे, भाषणासकट. बायांनी बदकाची पूजा केली, एकेका तोटीला हळदकुंकू लावलं. छबुबाईनं कुंकू लावलं, आन् लावता लावता तोटी पिरगाळून बघितली. थेंब निघाला न्हाई. पुढं गेली. मागच्या तिघींनी बाकीच्या तीन तशाच बघितल्या. मी शेजारीच उभा होतो, बघत होतो, आन् मला त्यात वावगं काई दिसलंच न्हाई.

बदक पाण्यात उतरलं. चाकं जमिनीवरून सुटली तवा गाडी जराशी डुलली, आन् तरंगली. खरंच तरंगली! मागचा पंखा फिरला, बदक तलावाच्या मध्याकडं निघालं. आप्पा लेकरासारखा हसत होता. मी हौदाच्या कडेवर बसून रडत होतो, आन् मला त्याची लाज न्हाई.

सुंदररावांचं भाषण "बंधूंनो" पाशी आलतं. तेवढ्यात त्यांनी खाली बघितलं आन् वरडले, "आप्पा, पाणी!" त्यांचे बूट बुडालते. आप्पानं पंप चालू केला. पण पंप खालच्या पोटातलं पाणी ओढायचा, आन् वरच्या हौदाचं बूड तर त्यानंच झाळून पक्कं केलतं. बदक काठाकडं वळवलं, तरी दहा-बारा वाव अलीकडंच ते सावकाश तळाला टेकलं. छातीभर पाणी. चेअरमन टपावर, इस्त्री गेली, टोपी बी गेली.

काठावरून छबुबाई कपाळ बडवत वरडली, "आप्पा, मी बघितली होती रं! रिकामी होती!"

आप्पाला तवा उमगलं. मला वाटलं आता शिव्या देईल. मी म्हणलं, "बुडाली रे आप्पा."

"बुडाली न्हाई बे," तो म्हणला. "भरली."

वैनी भिजलेल्या इरकलात जाग्यावरच बसून होत्या. म्हणल्या, "तरंगली होती. मी बसले होते ना हिच्यात."

सोसायटीचा ट्रॅक्टर आन् आठ बैलजोड्या लावून तिला काठावर ओढली. चारी तोट्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. मागं तलाव काठोकाठ भरलेला, आन् बाया घरून घागरी घेऊन आल्या न् लाईन लावून उभ्या राहिल्या. छबुबाई पहिली. कोणाला हसू आलं न्हाई.

आप्पा तोटीशेजारी उभा राहिला, एकेकीची घागर भरू दिली. हौद रिकामा झाला तवा त्यानं चौथी तोटी पिरगाळून बघितली, थेंब निघाला न्हाई, आन् तशीच सोडून तो घरी गेला.