फाटकातले नाना आणि आमचा गुरुवार

मी तेव्हा धुळ्याला बहिणीकडे होते. दुपारी विल्सनचा, माझ्या मुलाचा, फोन आला, "मम्मी, नाना गेले." आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "कुठे गेले?" कारण नाना कुठे जातच नसत. जळगावात पिंप्राळ्याला आमच्या पाच-सहा घरांना मिळून एकच लोखंडी फाटक आहे. त्याच्या आत लाल प्लास्टिकच्या खुर्चीत नाना बसलेले असायचे, सकाळ-संध्याकाळ, पाऊस असला तर छत्री घेऊन. मग माझ्या लक्षात आलं... तरी मी म्हटलं, "नक्की का? कोणी सांगितलं तुला?" विल्सन म्हणाला, "मम्मी, तू अगदी नानांसारखीच विचारतेस." त्याला महिना उलटून गेला, पण ते बोलणं काही डोक्यातून जात नाही.

नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. मुलाच्या नोकरीमुळे म्हातारपणी शहरात आले, पण बोली सोडली नाही. फाटकातून कोणीही आत आलं, की यांची काठी आडवी. "कोन शेतस? कथाईन उनात? कोना घर जानं शे?" म्हणजे कोण, कुठून, कुणाकडे. गॅसवाला असो की सख्खा जावई, तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय काठी उठायची नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी सामानाच्या टेम्पोलाही हेच प्रश्न झाले. माझी सून करुणा पुढे होऊन म्हणाली, "नाना, मी शिंदखेडानी शे." आपली बोली ऐकून म्हातारा जरा सैल झाला. मग भिंतीवर टांगायचा क्रूस सामानातून निघाला, तशी मान पुन्हा ताठ!

मीही काही भोळी नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते, आमच्या चर्चच्या मंडळीतली दहा-पंधरा माणसं येतात, पेटी वाजते. आणि नेमकी गुरुवारीच नानांची खुर्ची फाटकातून उठून आमच्या खिडकीखाली यायची. मी पडदा सारून बघायचे, तर म्हातारा हनुवटी काठीवर टेकवून बसलेला. हा काय ऐकतोय? आणि कोणाला सांगतोय? दिवस कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा अनोळखी दोन पोरं मोटरसायकलवरून आली, घराकडे बघून गेली, तेव्हा मी विल्सनला स्पष्ट म्हटलं, हे म्हाताऱ्याचंच काम. नाताळात आम्ही फराळाचं ताट पाठवायचो, ते नानांकडून धुऊनपुसून परत यायचं, पण रिकामं. आपल्याकडे शेजारचं ताट रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी ठेवतात. मी ते मनात धरून ठेवलं होतं.

याच काळात करुणा-विल्सन मूल दत्तक घेण्यासाठी थांबले होते. ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. नंबर सरकायचा, पुन्हा तिथेच अडकायचा. नात्यातल्या एकीने सांगितलं, एक दवाखाना आहे, आठ दिवसांत बाळ, कागद नंतर बघू. करुणा म्हणाली, "चोरून आणलेल्या लेकराला उपासनेत देवासमोर कोणत्या तोंडाने उचलून धरू?" विषय संपला. पण मी तिला पहाटे स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बघायचे. शब्द नाहीत, नुसती ओठांची हालचाल. मला वाटायचं, देवही हिची फाईल कुठेतरी ठेवून विसरला की काय.

शेवटी गृहभेटीला दत्तक संस्थेच्या बाई येणार असं कळलं. ज्यांना मूल द्यायचं त्यांचं घर कसं आहे, माणसं कशी आहेत, हे बघायला येतात. विल्सन म्हणाला, "तेवढ्यापुरता क्रूस कपाटात ठेवू या का?" करुणाने फडकं घेऊन तो पुसून काढला. क्रूस राहिला तिथेच.

बाई आल्या. फाटकात काठी आडवी झाली. हातात फाईल, पायात बूट, आणि चौकशी आमच्या घराची. नानांचा संशय पेटला! यांना वाटलं, ही धर्माची चौकशी करायला आलेली दिसते. बाईंनी विचारलं, "ही माणसं कशी आहेत? घरात काय वातावरण असतं?" तर नाना म्हणाले, "साधा लोके शेतस. प्रार्थना नहीं, बिर्थना नहीं. कोनी येत नहीं, कोनी जात नहीं." हे मी खिडकीतून माझ्या कानांनी ऐकलं, आणि आधी मनात आलं, म्हातारा डाव खेळतोय.

बाई आत येऊन बसल्या. चहा झाला. मग फाईल उघडून म्हणाल्या, "तुम्ही अर्जात लिहिलंय, दर आठवड्याला घरात प्रार्थनासभा असते, माणसांची ये-जा असते. शेजारी तर म्हणतात, कोणीच येत नाही. खरं काय समजायचं मी?" विल्सन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तो हळूच पुटपुटला, "प्रार्थना काय, अधूनमधून असते..." मूल हातातून जाताना दिसत होतं हो आम्हाला. खोटं ठरलो तर नंबर गेला, आणि खरं सांगून बाईंना ते खटकलं तरी गेला. करुणा उठून उभी राहिली. "ज्या देवाकडे लेकरू मागतेय, त्यालाच ओळखत नाही म्हणू का? मॅडम, चला माझ्याबरोबर." आणि बाईंना घेऊन थेट खुर्चीसमोर. मी मागे.

"नाना, या आपल्या घरी बाळ द्यायचं की नाही ते बघायला आल्यात. खरं ते सांगा."

नानांनी बाईंकडे बघितलं, मग करुणाकडे. "पोरगाकरता?"

"हो."

"मंग आधी सांगतीस ना, माय!" काठी जमिनीवर आपटली. "दर गुरुवारे गातस. बठ्ठा बेसूर गातस. ती अक्का तर..." इथे माझ्याकडे बोट. मग आवाज उतरला. "मी दवाखानामा व्हतू, तवय हाई पोर मना नाव लिसन प्रार्थना करे. मनी सून सांगे मले. तवयपासून मी खिडकीखाल बसस. मना नाव अजून लेतस का, आयकाले."

म्हणजे मी ज्याला पाळत समजत होते, ते आपलं नाव प्रार्थनेत अजून घेतात का, हे ऐकणं होतं! बाईंनी फाईल मिटली. त्या काय लिहून गेल्या, आम्हाला कधी कळलं नाही. त्यानंतरही आम्ही बरंच थांबलो. पण एके दिवशी बोलावणं आलं, आणि आम्ही कृपाला घेऊन रिक्षातून फाटकाशी उतरलो. दुपट्यात गुंडाळलेली, जावळ कपाळावर आलेलं. काठी आडवी! नाना वाकून तिलाच विचारतात, "कोन शे हाई? कथाईन उनी? कोना घर जानं शे?" रिक्षावाला हसायला लागला. करुणाला रडू फुटलं. मग नानांनीच उत्तर दिलं, "आपलाच घर," आणि काठी उचलली. त्या नाताळात ताट परत आलं ते बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी, भरलेलं.

तरी ती मोटरसायकलवाली पोरं कोणी पाठवली, हे मी नानांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का... माझा स्वभाव असा, पूर्ण सुटत नाही काही.

धुळ्याहून परत आले तेव्हा खुर्ची तिथेच होती, वर पाचोळा पडलेला. रिक्षातून उतरले, बॅग घेतली, आत आले. कोणी काही विचारलं नाही. परवा गुरुवारी कृपा अंगणात खेळत होती. एक माणूस हातात पार्सल घेऊन फाटक ढकलून सरळ आत आला. बाकीची घरं गप्प. मी पेटी वाजवायची थांबवून उठले, खिडकी उघडली आणि त्याला जोरात हाक मारली, "ओ भाऊ, थांबा! कोण? कुठून आलात? कुणाकडे?"